जावयाचे हात

खस्स... खस्स... दाभण जाड कापडातून आरपार जायचं आणि मागोमाग दोरा सरसरत यायचा. मी ऐकलेला पहिला आवाज तो. तेव्हा मला डोकंही नव्हतं, नुसतं धड होतं. पण कुणीतरी आपल्याला मन लावून घडवतंय, एवढं कळत होतं.

मी अग्निशमन केंद्रातला सरावाचा बाहुला बोलतोय. जळत्या घरातला माणूस शिडीवरून खाली कसा आणायचा, हे शिडीची माणसं ज्याला खांद्यावर घेऊन शिकतात, तो मी. फाटक्या पाण्याच्या पाइपचं कापड, आत वाळू आणि चिंध्या, वर कुणाचा तरी जुना गणवेश. वजन धडधाकट माणसाएवढं. नाव ठेवलं पंपावरच्या काकांनी, म्हणजे खाली गाडीपाशी राहून पाण्याचा पंप चालवणाऱ्यांनी. "स्वतः हलायचं नाही, बोलायचं नाही, बाकीच्यांनी अलगद उचलून न्यायचं. हे आपले जावईबापू." तेव्हापासून मी साऱ्या केंद्राचा जावई.

लाड मात्र कुणी केले नाहीत. आमचे शिकवणारे वस्ताद. त्यांच्या डोक्यातून सतत नवं काहीतरी निघायचं. कधी मला खिडकीत बसवत, कधी पलंगाखाली सारत, कारण भ्यालेली पोरं पलंगाखाली लपतात. कधी सगळ्यांच्या डोळ्यांवर फडकं बांधत. धुरात डोळे असून नसल्यासारखेच. एकदा तर तोंडातून शब्द न काढता, नुसत्या खुणांनी शिडी उभी करायला लावली. शिडी शेजारच्या खिडकीला लागली आणि मी आपला वाट बघत बसलो.

खांद्यावरून माणूस कळतो. कुणी धान्याचं पोतं टाकावं तसं मला टाकतो, कुणी झोपलेलं लेकरू न्यावं तसं नेतो. ढाण्या त्या दुसऱ्यांतला. आवाज वाघासारखा, म्हणून नाव ढाण्या. पण मला उतरवताना माझं डोकं शिडीवर आपटू नये म्हणून मध्ये आपला हात धरायचा. मला काय लागणार होतं? तरी धरायचा. शिडीवर त्याच्यासारखा गडी नव्हता.

मग एका दुपारी गाडी खऱ्या आगीवर गेली. परत आल्यावर ढाण्या माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसला. वस्ताद आले, तेव्हा त्याचा तो आवाज पार बसला होता.

"आजी खिडकीची चौकट सोडेचनात. मी नुसता 'सोडा, सोडा' ओरडत राहिलो. शेवटी ओढलं. खांदा निखळला त्यांचा. वाचल्या, पण ज्या नजरेनं बघत होत्या ना... वस्ताद, मला पंपावर घ्या. शिडी नको आता."

वस्तादांनी माझा लोंबता हात उचलून बघितला.

"चूक या जावयाची आहे," ते म्हणाले. "हा कधी कशाला धरूनच ठेवत नाही. भ्यालेला माणूस धरतो. ते आपण कुणाला शिकवलंच नाही."

"चेष्टा नको, वस्ताद."

"चेष्टा नाही करत. एकदा याला खाली आण. नाही जमलं तर खुशाल जा पंपावर, मी अडवणार नाही."

वस्तादांनी माझ्या दोन्ही मनगटांना पट्टे शिवले. चौकटीला गुंडाळले की ओढून निघायचे नाहीत. जितकं ओढावं तितके आवळायचे. भार काढून घेतला तरच सैल पडायचे. जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी धरता येऊ लागलं. खरं सांगतो, छाती फुगली माझी.

आज सकाळी मला केंद्रातल्या सरावाच्या मनोऱ्याच्या वरच्या खिडकीत बांधलं. खाली सगळे जमले होते.

"ढाण्या, जावई रुसलाय बघ," काका म्हणाले. "नीट समजूत काढ. नाहीतर ये आमच्याकडे, पंपावर बसून पगार आहे."

ढाण्या वर आला. सवयीनं त्यानं मला ओढलं आणि पट्टे करकचले. तो थांबला. मग तो एक पायरी आणखी चढला, छाती माझ्याखाली दिली आणि माझा भार स्वतःवर घेतला. त्याच्यापाशी इतका हळू आवाज आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

"आजी, सोडा म्हणत नाही मी. आधी मला धरा. धरलंत? आता हा एक हात येऊ द्या."

पट्टा सैल पडला. त्यानं तो चौकटीवरून काढून आपल्या दंडाला गुंडाळला. मग दुसरा. आणि आम्ही एकेक पायरी उतरून जमिनीला लागलो.

आता माझे टाके उसवत चाललेत. नवा, रबराचा बाहुला येणार असं ऐकतो. येऊ दे बापडा, त्यालाही पट्टे शिवा म्हणजे झालं. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच. देव न करो, पण कधी तुमच्या खिडकीला शिडी लागली आणि हात सुटेनात, तर लाजू नका. वर येणारा माणूस त्याचाही सराव करून आलेला असेल. तो माझ्यावर केलेला असेल.

"मग? काय ठरलं?" सकाळी आम्ही खाली उतरताच वस्तादांनी ढाण्याला विचारलं.

ढाण्यानं माझे पट्टे नीट सारखे केले. पुढच्या गड्याच्या खांद्यावर मला अलगद ठेवलं. आणि पंपाकडे न वळता त्याच्यासाठी शिडीचा पाय धरायला गेला.