पाणी भरतंय, फिर

प्रांजल दुपारी घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेई. त्या दिवशी फळ्यावर ‘विड्रॉ’ हा शब्द होता आणि मांडीवर दीड वर्षाचा मितेश. बँकेतून पैसे काढणं, तक्रार मागे घेणं, सैन्यानं माघार घेणं, रुसून आपल्याच कोषात जाणं. सगळं सांगून झालं.

“टीचर, एवढे अर्थ आणि पैसे काढणं सोडलं तर एकही धड नाही,” सातवीतली मनस्वी म्हणाली. मुलं खिदळली.

प्रांजलला हसू आलं नाही. सकाळीच तिच्या सासूबाई, सोनाबाई, म्हणाल्या होत्या, “रविवारच्या कबड्डीतून नाव मागं घे. पोर अजून अंगावर पितंय.” लग्नाआधी प्रांजल चढाईला निघाली की भल्याभल्या पोरींची पाचावर धारण बसायची. मितेश झाल्यापासून मैदानात पाय ठेवला नव्हता. ती जुनी पोरगी आपल्यात उरली आहे का, एवढंच तिला बघायचं होतं.

“नाव मागं नाय घेनार, आई,” संध्याकाळी तिनं सांगून टाकलं.

सोनाबाई बोंबील साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मंग ऐक. आमी खाडीत शिंपल्या काढायचो. पानी भराय लागलं की टोपली अर्धी असली तरी फिरायचं. हाव धरली ती चिखलात रुतली.”

रविवारी सुकापूरच्या मैदानात समोर खारघरच्या कॉलेजच्या पोरी. गुण बरोबरीत, शेवटची चढाई प्रांजलची. दम धरून ती आत शिरली आणि कोपऱ्यातल्या पोरीच्या गुडघ्याला बोटं लावलीच. दुसरी अगदी हाताशी होती. प्रांजल झेपावणार, तोच मैदानाभोवतीच्या दोरीपलीकडून सोनाबाईंचा खणखणीत आवाज आला, “पानी भरतंय गो, फिर!”

ती जागच्या जागी वळली. चौघींचे हात पाठीवरून निसटले. पडता पडता तिनं हात लांबवला आणि मधल्या रेषेपार टेकवला. शिट्टी वाजली.

“काय गो सोनाबाय,” शेजारची विनिता म्हणाली, “सून नाव मागं घेनार होती ना?”

“माजी सून हाय ती. मागं येते, पर घेऊन येते.” सोनाबाईंनी पदरानं प्रांजलच्या कोपरावरची माती पुसली नि मितेश तिच्या कुशीत दिला. “धर. मी जाते गावात सांगाय.”

“आई, अख्खा गाव इथंच हाय.”

“मंग काय झालं? परत सांगते.”