नराचा रकाना

शेडच्या भिंतीवर कोळशाच्या चोपन्न रेघा होत्या. तीन डुकरिणी, प्रत्येकीची तीन वेतं, प्रत्येक पिल्लामागे एक रेघ. टिकली : नऊ, पाच, चार. भुरी : आठ, चार, पाच. चांदी : दहा, पाच, चार. चांदीच्या नावावर आडवी काट होती, कारण पिल्लं कमी होऊ लागली म्हणून भादव्यात रोहिदासने तिला खाटकाच्या गाडीत चढवलं होतं.

नावं आणि रेघा त्याच्या बायकोच्या, कोकिळाच्या हातच्या. काट मात्र त्याची.

शिरपूरच्या वर, डोंगर सुरू होतो तिथे त्याचं शेड. चांदी जन्मली तेव्हा मुठीएवढी होती. कोकिळाने तिला चुलीशेजारी गोणपाटात ठेवून बाटलीने दूध पाजलं, आणि ती जगली. गाडी आली त्या सकाळी कोकिळा फाळक्याला धरून उभी राहिली.

"तिनी एकलीनी पिलं शेत का ती? नरले काही विचारशील का नही?"

खाटकाची माणसं हसली. रोहिदासच्या कानशिलात रक्त चढलं.

"लगीनले चार वरीस झालं, तुले एक बी पोर नही. तू काय शिकाडस माले?"

कोकिळाने फाळका सोडला. घरात गेली, पिशवी भरली आणि दुपारच्या एसटीने माहेरी चोपड्याला निघून गेली. दिवाळीनंतर पंच बसले. रोहिदासचा राग तेव्हाही उतरला नव्हता. "मोकळी," म्हणाला आणि उठला.

त्याच आठवड्यात त्याची चुलतबहीण शीतल आली. अमळनेरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकून नुकतीच बाहेर पडलेली. भिंतीसमोर ती बराच वेळ उभी होती.

"दादा, यात नराचं नाव कुठंय?"

"नर काय पिलं देस का?"

"पहिल्या वेताला कोणता नर होता?"

"जुना. तो मेला. मंग मी पैलवान आणेल शे." पैलवानाचं नाव घेताना त्याची मान ताठ झाली. रस्त्याने जाणारे थांबून बघत, असा तो नर. त्याला रोज गूळ मिळे, आणि पत्र्याखाली सगळ्यात मोठा कप्पा त्याचाच.

शीतलने कोळसा उचलला. प्रत्येकीच्या पहिल्या वेताच्या रेघांवर 'जुना' लिहिलं, उरलेल्यांवर 'पैलवान'.

"जुन्याच्या तीन वेतांना सत्तावीस. पैलवानाच्या सहा वेतांनाही सत्तावीस. पहिलटकरणीला पिल्लं कमी असतात दादा, पुढे वाढायला पाहिजेत. आणि तिन्ही माद्या एकदमच बिघडल्या?"

"दिसाले तर चांगला शे ना तो."

"दिसण्याचा काय संबंध? बीज कमजोर असेल तर मादीची बीजं तशीच वाया जातात. पिल्लं कमी, आणि नाव मादीचं."

त्याने शेडमधली बादली उचलून उगाच दुसरीकडे ठेवली.

"माझं मानू नको," शीतल म्हणाली. "मोजून बघ. भुरीला पैलवानच दाखव. टिकलीला शेजारच्या झिपरूआबांचा नर दाखव. खाणं सारखं ठेव, जागा सारखी ठेव."

मार्गशीर्षात दोघी दोन दिवसांच्या अंतराने माजावर आल्या. झिपरूआबांचा नर कानफाटका, बुटका. "मन्हा गरीबले पैलवानना घरनं आवतन?" आबा हसून म्हणाले. रोहिदास हसला नाही. त्यानंतर तो रोज एक दिवस मोजत गेला. मोजता मोजता केव्हातरी पिल्लांची वाट बघणं संपलं होतं. टिकलीला कमी पिल्लं व्हावीत, असं त्याला वाटू लागलं होतं. कमी झाली तर चांदी दोषी, आणि तो निर्दोष.

एकशे चौदाव्या दिवशी टिकली व्याली. दोन दिवसांनी भुरी. त्याने दोनदा मोजलं, मग हात धुवून चोपड्याला फोन लावला. कोकिळाची आई, यशोदाबाई, बोलली.

"अक्का, मी रोहिदास. कोकिळाले सांगा, चांदीनी काही चूक नव्हती."

"मंग चांदीले सांग ना."

रोहिदासने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अक्का, ती... मी न्याले येऊ का?"

"तिनी दुसरं घर करं, बापा. पौषमा." यशोदाबाईचा आवाज जरा खाली आला. "तिले दुसरा महिना शे. आते फोन नको करू."

फोन बंद झाला. पैलवान कप्प्यात उभा राहून गुळासाठी पत्र्याला नाक घासत होता. रोहिदासने चुलीतला विझलेला कोळसा आणला. चांदीच्या नावावरची काट ओल्या फडक्याने पुसायला घेतली; काट पुसली गेली, तिच्याबरोबर नावही गेलं. तिथल्या काळ्या डागाखाली त्याने नवीन ओळी लिहिल्या, पहिल्यांदाच नराच्या नावासकट.

टिकली, नर झिपरूआबांचा : जिवंत अकरा, मेलेलं एकही नाही.

भुरी, नर पैलवान : जिवंत तीन, मेलेलं एक.