वित्स्केआजींच्या नाकातला पाहुणा

वित्स्केआजींच्या नाकात तो जंतू सापडला, तेव्हा त्याचा त्यांना कसलाच त्रास नव्हता. पण नेहमीच्या औषधांना तो दाद देत नव्हता. आमच्या वृद्धाश्रमात दुसऱ्या कुणाच्या जखमेत तो शिरला असता, तर जिवावर बेतलं असतं. म्हणून आजींना खोलीबाहेर पडायची बंदी झाली. आम्ही नर्ससुद्धा झगा, मास्क, हातमोजे चढवून आत जायचो.

खरी पंचाईत झाली ती त्यांच्या नवऱ्याची. माइन्डर्टआजोबांची खोली दुसऱ्या टोकाला. त्यांना विस्मरणाचा आजार. सांगितलेलं तासभरही टिकायचं नाही. रोज कॉफीच्या वेळी ते बायकोच्या बंद दाराशी येऊन उभे राहायचे.

"इम्के, ती माझ्यावर रागावलीय का गं?"

"नाही हो आजोबा. त्यांना जंतू लागलाय. तुम्हाला लागू नये म्हणून दार बंद आहे."

"मग माझं काय चुकलं?"

आतून आजी म्हणायच्या, "काही नाही चुकलं रे. जा, कॉफी निवतेय तुझी."

आवाज हसरा असायचा. मी आत जायचे तेव्हा मात्र डोळे पुसत असायच्या.

नाकात मलम झालं, औषधी साबणाने अंघोळी झाल्या, रोज चादरी बदलल्या. तपासलं, तर जंतू होता तिथेच.

"माझ्याहून हट्टी निघाला की मेला," आजी म्हणाल्या, आणि त्या दिवशी जेवल्याच नाहीत.

डॉक्टर सीत्स्मांनी त्यांच्या टाचेवरची जुनी, न भरलेली जखम पाहिली. "ही जखम उघडी आहे तोवर तो पुन्हा पुन्हा येणार. आधी ही भरू दे."

जखम भरेपर्यंत बागेत ट्युलिप येऊन गेले. मी आजोबांना आजींच्या खिडकीबाहेर खुर्ची टाकून द्यायचे. काचेच्या अलीकडे ते, पलीकडे त्या. मग पुन्हा मलम, पुन्हा साबण. या वेळी एकामागून एक सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. आजोबांसकट इतर कुणालाही लागण नव्हती.

आजी वॉकर ढकलत बैठकीच्या खोलीत आल्या. आजोबा सोफ्याच्या मधोमध बसले होते.

"सरक जरा," त्या म्हणाल्या.

ते सरकले. त्यांनी आजींचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि मांडीवर ठेवून घेतला.

दोघं तिथेच डोक्याला डोकं टेकून झोपून गेली. जेवणाची घंटा झाली तरी आम्ही कुणी उठवलं नाही. त्यांची ताटं झाकून ठेवली.