सध्या बंद आहे

माझ्या नवऱ्याला त्याचे कॉलेजातले मित्र बंड्या म्हणतात. ज्या बंडावरून हे नाव पडले, त्याचा उल्लेख कोणत्याही साधनात सापडत नाही. समोरच्याला वाईट वाटेल या भीतीने आयुष्यभर मान डोलावत आलेला हा गृहस्थ, आणि त्याच भीतीपोटी दोन वर्षांपूर्वी त्याने दारूबद्दल मित्रांना सांगून टाकले होते, "अरे, सध्या बंद आहे. गोळ्या चालू आहेत."

मी विद्यापीठात व्याकरण शिकवते. 'सोडली' आणि 'बंद आहे' यांतले अंतर मला पगारापुरते तरी कळते. सोडायला कोणीतरी लागतो. बंद मात्र दुकानही असते, नळही असतो, रस्ताही असतो, आणि बंद असलेले कधीतरी उघडणार हे त्या शब्दाच्या पोटातच असते. तरीही मी गप्प राहिले. उपचारकेंद्राच्या फाटकातून बाहेर पडताना त्याने माझ्याकडून वचन घेतले होते. तो परगावी कामाला गेला होता अशीच मित्रांची समजूत होती, आणि ती तशीच राहायला हवी होती. "त्यांच्यात तरी मला बंड्याच राहू दे," तो म्हणाला होता. गोळ्या अर्थातच नव्हत्या. होता तो रोज सकाळी दाढी करताना, हात थरथरत नाही ना, हे आरशात पाहून घेणारा एक माणूस.

त्या रविवारी दुपारी कॅप्टन नकाशा घेऊन आला. कॅप्टन म्हणजे दंतवैद्य. जहाजाशी त्याचा संबंध एवढाच, की कॉलेजच्या सहलीत त्याने एकदा होडी उलटवली होती. रुग्णाच्या तोंडात अवजारे असताना प्रश्न विचारायचा आणि घशातून जो आवाज येईल तो होकार समजायचा, ही त्याची दवाखान्यातली पद्धत. बाहेरच्या जगातही त्याने ती फारशी बदललेली नाही. सोबत त्याची बायको होती. ती औषधांचे दुकान चालवते. आणि वकील होते, जे एकटे राहतात आणि म्हणून सगळीकडे असतात.

"बंड्याच्या गोळ्या या महिन्यात संपतायत," कॅप्टनने आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. "बिचारा दोन वर्षं सरबत पीत बसला. आता थेट द्राक्षांच्या मुलखात! चार दिवस. मुक्काम टेकडीवर, वाइनची तळघरं पायथ्याशी, आणि पहिला पेला बंड्याचा. उद्घाटन आहे, उद्घाटन!"

गोळ्या या महिन्यात संपतात, असे बंड्यानेच कधीतरी फोनवर, त्यांच्या आग्रहाला कंटाळून म्हटले होते. खोट्याला मुदत दिली की ती भरतेच.

"आणि हे बघा वहिनी," वकील माझ्याकडे वळले, कारण न्यायालय कोण आहे हे त्यांना नेमके कळते, "वाइन म्हणजे काही दारू नव्हे. फळाचा रस तो. जरा वय झालेला."

"तुमच्यासारखा," कॅप्टनची बायको म्हणाली.

"माझ्यासारखा. पण माझी किंमत वाढत नाही, हा फरक."

सगळे हसले. मीही हसले, त्या टेबलावर बसण्याचे ते भाडे आहे.

"बरं, कुठल्या गोळ्या होत्या रे नेमक्या?" कॅप्टनच्या बायकोने सहज विचारले. "माझ्या दुकानातून तर कधी नेल्या नाहीस."

"त्या... डॉक्टरच देतात हातात."

"दोन वर्षं?"

"ताई, चहा घेणार ना?" बंड्या उठला.

नकाशा बारकाईने केलेला होता. मी अनेक प्रबंध तपासले आहेत, इतका नीट क्वचितच पाहिला. तांबड्या खुणा म्हणजे तळघरे, हिरव्या म्हणजे द्राक्षमळ्यांतून पायी हिंडण्याच्या वाटा, आणि प्रत्येक हिरव्या वाटेच्या दोन्ही टोकांना तांबडी खूण. न पिणाऱ्या माणसाला उभे राहायला त्या कागदावर जागाच ठेवलेली नव्हती. मी त्या मुलखातले सरोवर सुचवून पाहिले.

"अहो, त्याच्या काठावरच तर सगळ्यांत जुनं तळघर आहे!" कॅप्टन खूश झाला. "वहिनी, तुम्हाला माहीत कसं?"

"मग गाडी याला चालवू दे," मी म्हणाले. "कोणीतरी शुद्धीवर हवाच ना."

"ड्रायव्हर सांगून ठेवलाय. तुम्ही कशाची म्हणून काळजी करायची नाही."

प्रेमाने वेढा घालणाऱ्या माणसाशी तह करता येत नाही. त्याला आपण शत्रूच वाटत नसतो.

चहाचा ट्रे ठेवून बंड्या नकाशावर वाकला. मला वाटले, तो सुटकेची फट शोधतो आहे. मग त्याचे ओठ हलताना दिसले. प्रत्येक तांबड्या खुणेशेजारी कॅप्टनने तिथल्या वाइनचे नाव लिहिले होते आणि बंड्या ती नावे वाचत होता, सावकाश, मनातल्या मनात. फार दिवसांनी भेटणाऱ्या नातेवाइकांची नावे वाचावीत तसा.

तिथे मी वचन मोडले. मोडायचेच तर निदान संदिग्धता राहू नये, म्हणून पूर्ण वाक्यांत मोडले.

"माझा नवरा मद्यपी आहे," मी म्हणाले. "त्याला गोळ्या कधीच नव्हत्या. तो परगावी नव्हता, उपचारकेंद्रात होता. आणि पुन्हा सुरू व्हायला त्याला एक पेला पुरेसा आहे."

मग वकिलांची थाप टेबलावर पडली आणि कपबशा उडाल्या.

"वहिनी! काय पण टायमिंग!"

"मद्यपी!" कॅप्टन डोळे पुसत होता. "अरे, हा शब्द शाळेनंतर आज ऐकला मी! मद्यपी! बंड्या, तुझी पाटी करून देतो, दारावर लाव!"

इतकी वर्षे याच लोकांत मी चेहरा न हलवता तिरकस बोलत आले, आणि त्यांनी त्याच नाण्यात परतफेड केली. 'दारुडा' म्हटले असते तर कदाचित कोणाच्या कानात शिरले असते. शुद्ध शब्दाने घात केला.

मी बंड्याकडे पाहिले. दार उघडे होते. त्याने फक्त 'खरं आहे' म्हणायचे होते. तो हसला. सगळ्यांत मोठ्याने हसला.

एकटी कॅप्टनची बायको हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. दोन वर्षांचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर जुळताना मला स्पष्ट दिसला. तिने कप खाली ठेवला.

"टेकडीवर रात्री गारठा असतो म्हणे," ती म्हणाली. "शाली घ्याव्या लागतील."

कॅप्टनने तोवर सरोवराकाठच्या तळघराला फोन लावला होता, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून स्पीकरवर. पलीकडच्या बाईंचा आवाज कामापुरता होता. "चाखणारे किती आणि नुसते सोबतचे किती? चाखणाऱ्यांचे पेले आम्ही आधीच मांडून ठेवतो."

"पाच. सगळे चाखणारे."

"मी नुसती सोबत," मी म्हणाले.

"बरं. चार आणि एक."

"तीन," बंड्या म्हणाला.

इतक्या हळू, की कॅप्टनने मान वळवून विचारले, "काय रे?"

"तीन आणि दोन. मी पण नुसता सोबत."

आता कोणी हसले नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. मला वाटले, झाले. त्याने म्हटले, आणि सगळ्यांसमोर म्हटले.

कॅप्टनने उठून त्याच्या गळ्यात हात टाकला. त्या हातात खोटे काही नव्हते, हे मला लिहिलेच पाहिजे. "अरे वेड्या, उद्घाटन कोणाचं आहे? वहिनींच्या एका विनोदाला घाबरलास? नाही हो बाई, चारच मांडा. तो तिथं आला की आपोआप पितो. आम्ही कॉलेजपासून ओळखतो याला."

"चार पेले," बाई म्हणाल्या. "नक्की ना?"

मी थांबले. त्याने पुन्हा एकदा म्हणावे, इतकेच. कॅप्टनच्या बायकोने शालीचे टोक चाचपावे तसा टेबलक्लॉथ चाचपला. वकील खिडकीबाहेर पाहू लागले. फोनमधून मागे कुठेतरी पेले धुतल्याचा आवाज येत होता.

"त्याचा पेला माझ्यापुढे मांडा," मी म्हणाले. "त्याच्या वाटचं मी पिईन."

मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होते.

"सगळ्या तळघरांत?" कॅप्टनचे डोळे विस्फारले.

"सगळ्या. चारही दिवस. त्याच्यापुढे काही ठेवायचं नाही."

"वहिनी सुटल्या!" वकील ओरडले, आणि टाळ्या पडल्या. "अहो, वहिनी सुटल्या!"

या वेळी बंड्या हसला नाही. कॅप्टनचा हात अजून त्याच्या मानेवर होता.