एकशे चौदा नंबरची काच

काचेच्या उजव्या कडेपासून साधारण चार मिलिमीटरवर हवेचा एक बुडबुडा होता. पुरता गोल नव्हता; एका अंगाला थोडा चेपलेला, कडेला काळी रेघ, आत काहीच नाही. चिकटद्रव्य वाळत गेलं की वरच्या पातळ काचेखाली अशी हवा शिरते आणि वर्षागणिक केसभर पुढे सरकते. सव्वीस वर्षांत हा एवढा झाला असावा. की आधीपासूनच होता? सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न उचलता तिने आठवून पाहिलं — आणि मग तिच्या लक्षात आलं, आठवण्यासारखं काही नाहीच. ही काच ती आज पहिल्यांदा बघत होती.

"दिसलं का, मॅडम?" मागून धाकटीने विचारलं.

धाकटी म्हणजे विभागातली नवी लेक्चरर. हे नाव रंगाऱ्याने पाडलेलं. रंगारी म्हणजे काचा रंगवणारा जुना तंत्रज्ञ. विभागात दोन बायका डॉक्टर, त्यामुळे त्याच्या लेखी एक थोरली आणि एक धाकटी. ही नावं तोंडावर कोणी घेत नसे, पण पाठीमागे तीच चालत.

"हे दोन आहे ना हो?" धाकटी म्हणाली. "मला तरी दोनच वाटतंय. पण तुमच्या यादीत तीन आहे. आणि तुमच्या सरांनीही शेवटी तीनच केलंय."

यकृताचा तो तांदळाच्या दाण्याहून लांब नसलेला तुकडा, त्यात निळे रंगलेले तंतू. तंतू एका बेटापासून दुसऱ्या बेटापर्यंत जाऊन पोचले, पूल झाला, की आजाराची प्रत तीन. नुसतेच हात पसरून थांबले असतील तर दोन. तिने काच डावीकडे सरकवली, मग उजवीकडे. पूल कुठेच नव्हता. दोनच होतं.

"ठेव इथे," ती म्हणाली. "सावकाश बघते."

"बघा. पण खरं सांगू का, मॅडम," धाकटी स्टूल ओढून बसली, "मला वाटतं माझी नजरच नाहीये. तुमच्या त्या एकशे ऐंशी काचा मी दोनदा वाचल्या. माझ्या जोडीच्या वाचकाशी किती जुळतंय माहितीये? अडुसष्ट टक्के. तुमचं आणि सरांचं पंच्याण्णव होतं. पंच्याण्णव! मी घरी सांगून टाकलंय, हे संशोधन वगैरे आपलं काम नाही. सोमवारी राजीनामा देते. एखाद्या खाजगी लॅबमध्ये रिपोर्ट लिहीत बसेन."

"सवयीने येतं ते," ती म्हणाली.

वाक्य तोंडातून सहज निघालं, इतकं सहज की ते किती वेळा म्हटलं गेलं आहे याची तिला मोजदाद करावीशी वाटली. परिषदांमध्ये, तोंडी परीक्षांच्या वेळी, मागच्या बाकावरून कोणी हात वर करून म्हणालं की आमच्याकडे एवढं जुळत नाही... सवयीने येतं. प्रशिक्षण कमी पडतं. आणि एकदा — ते तर कोणालाच ठाऊक नाही — कुठल्याशा लहान रुग्णालयातल्या दोघांनी लेख पाठवला होता, आपलं वाचन सत्तर टक्क्यांवर जात नाही असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, आणि मासिकाने तो मत देण्यासाठी नेमका हिच्याकडेच धाडला. परीक्षकाचं नाव गुप्त असतं. तिने लिहिलं होतं, 'वाचकांचा अनुभव अपुरा दिसतो.' लेख परत गेला. ते दोघे कोण होते, पुढे त्यांचं काय झालं, हे शोधणं अवघड नव्हतं. तिने शोधलं नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी ती सव्वीस वर्षांची होती. पद्धत साधी होती. एकाच काचा दोघांनी वाचायच्या, एकमेकांचे आकडे न बघता. मग किती जुळले ते मोजायचं. जुळले तर पद्धत भरवशाची. सरांनी आपलं वाचन महिनाभरात उरकलं, कागद खणात टाकला आणि खणाची किल्ली तिच्याकडे दिली, कारण विभागातल्या सगळ्याच किल्ल्या ते तिच्याकडे देत. तिला सहा आठवडे होते. पहिल्या दिवशी तिने अकरा काचा वाचल्या. अकराव्या काचेवर तासभर अडकली. दोन म्हणावं की तीन? सकाळी दोन वाटलं, दुपारी तीन वाटलं, आणि संध्याकाळी मनात आलं — आपल्याला नजरच नाही की काय? शाळेपासून सगळे हुशार हुशार म्हणत आले ते, आणि इथे साधं बोट ठेवून सांगता येत नाही... दुसऱ्या दिवशी तिने पेटी उघडली नाही. तिसऱ्याही. पेटी कपाटावर होती आणि ती कपाटाकडे पाठ करून बसायची. मग एका सोमवारी सर दारातून डोकावून म्हणाले, "झालं का गं?" आणि ती म्हणाली, "झालं."

एवढा एकच शब्द. त्यानंतरचं सगळं तो शब्द खरा करण्यासाठी. दुपारी सर वर्गावर गेले, तिने खण उघडला, आकडे उतरवून घेतले. आपल्या अकरा काचांचे आकडेही खोडून सरांसारखे केले. सगळेच जुळले तर संशय येईल, हे कळण्याइतकी शास्त्रीय बुद्धी तिच्याकडे होती. म्हणून नऊ आकडे बदलले. कुठले नऊ, तर अशीच बोटं ठेवत गेली. एकशे चौदावर बोट पडलं. सरांचे दोन होते, तिने तीन लिहिले.

...मी चोरी केली असं मला तेव्हा वाटलंच नाही. वाटलं, वेळ मारून नेली. पुढे कधीतरी बसून खरोखर वाचून काढू.

दार ढकलून रंगारी आत आला. हातात एक छापील कागद, पाठीने दार धरून ठेवलेलं.

"सत्काराचा परिचय आलाय बघा छापून. कार्यालयवाले म्हणाले, थोरल्या... मॅडमना दाखवा, चूक असली तर आत्ताच सांगा. मग चारला कार्यक्रम आणि आम्ही बोंबलत फिरतोय असं नको."

"द्या इकडे."

"सगळं आलंय. पदव्या, पदकं, दोन परदेशांतलं शिक्षण. आमचं मात्र नाव नाही कुठे. काचा काय आपोआप रंगल्या?" मग धाकटीकडे वळून, "डॉक्टरबाई, तोंड का पाडलंय? त्याच एकशे ऐंशी काचा ना? अहो, ह्यांनी एका दुपारीत वाचल्या होत्या! मी डोळ्यांनी बघितलंय. जेवून आलो तेव्हा पेटी कपाटावर, साडेचारला आलो तर यादी तयार. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आमच्याकडे एक मुलगी आलीये, तिच्या डोळ्यांत भिंग बसवलंय."

"एका दुपारीत?" धाकटी म्हणाली. "मला सात आठवडे लागले."

"मग! उगाच का सत्कार होतो?"

तो कौतुकाने बोलत होता. सव्वीस वर्षं तो प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हे असंच सांगत आला होता, आणि दर वेळी तिच्या कानांच्या पाळ्या गरम व्हायच्या, आणि तो म्हणायचा, बघा, लाजल्या. पेटीवरची धूळसुद्धा त्या दुपारी पुसलेली नव्हती. तो रोज त्या कपाटाशी वावरणारा माणूस, त्याने ती पाहिली असणारच. पण विश्वास एकदा बसला की धूळ दिसत नाही. किंवा दिसली असेल... तिने कागदावर डोळे खिळवले.

स्वतःचं आयुष्य दोनशे शब्दांत बसलं होतं. कुठे शिकल्या, कुठे काम केलं, यकृताच्या आजारांतल्या तज्ज्ञ, कितीएक समित्यांवर. यातलं बरंचसं खरं होतं. नंतरची वर्षं तिने खरोखर कष्टांत काढली होती, मान मोडेपर्यंत, नजर घासून घासून. रोग्यांचा एकेक अहवाल तीनतीनदा तपासून. लोक म्हणत, केवढी काटेकोर. पण या सगळ्याच्या बुडाशी, पाचव्या ओळीत, ते वाक्य होतं: 'त्यांच्या पंच्याण्णव टक्के जुळणाऱ्या वाचनामुळे ही प्रतवारी सर्वमान्य झाली.' ते वाक्य काढलं तर पुढची शिष्यवृत्ती नाही, परदेश नाही, ही खोली नाही. वीण एका जागी सुटली की किती उसवेल, याचा अंदाज तिने अनेकदा घेतला होता. ज्या मासिकात ते वाचन छापलं होतं त्याला पाठवायच्या पत्राचे सात मसुदे होते. पहिल्यात 'गंभीर त्रुटी' होती, सातव्यात 'नोंदींतील काही विसंगती' उरली होती. एकही गेला नव्हता.

फोन वाजला. ताई. मोठी बहीण.

"मी पुढच्या रांगेत बसणारे, सांगून ठेवते. आणि ते भाषण करताना हात चोळू नकोस गं. तोंडी परीक्षेला उभी राहिल्यासारखी दिसतेस."

"ताई, तू नाही आलीस तरी चालेल."

"वा! आईच्या मागे तुझी वेणी कोणी घातली? आता फोटो काढायच्या वेळेला नको होय मी?" ताई हसत होती. "ठेव. घाबरू नकोस."

तीनला सर आले. एकोणऐंशी वर्षांचे, काठी, जाड चष्मा. धाकटीने हात देऊन त्यांना खुर्चीत बसवलं. रंगारी त्यांच्यासाठी पाणी आणायला म्हणून गेला. सरांनी परिचयाचा कागद भिंगाखाली धरला. तो मीच वाचणार, असा त्यांनी हट्ट धरला होता.

"पोरी, यात गोष्ट राहिली बघ," सर म्हणाले. "ती मी तोंडी सांगणार. एकशे चौदाची."

"ते नको, सर."

"नको काय? माणसाने आयुष्यात एकदा तरी शिष्याकडून हरावं." ते धाकटीकडे वळले. "काय झालं, नऊ काचांवर आमचे मतभेद. दोघं समोरासमोर बसलो. आठ ठिकाणी हिने माझं मानलं. एकशे चौदावर गप्प बसली. मी म्हणत होतो दोन, हिचे तीन. मी अर्धा तास बघितलं. आणि म्हटलं, बरोबर आहे तुझं, माझीच नजर चुकली. त्या दिवसापासून मी माझं प्रत्येक वाचन दुसऱ्याला दाखवूनच पुढे पाठवलं."

ती त्या दिवशी गप्प बसली होती, कारण त्या काचेत काय आहे हे तिला माहीतच नव्हतं. आणि सर अर्धा तास, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, तिथे नसलेला पूल शोधत राहिले होते. शेवटी त्यांना तो दिसलाही.

धाकटी कसनुसं हसली. "सर, मी तर सकाळीच त्या काचेला दोन म्हणून बसले."

"मग तू माझ्या गटातली! नजर घडायला वेळ लागतो गं."

"माझी कुठली घडतेय. मी सोमवारी राजीनामा देतेय, सर."

"असं होय..." सर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. मग म्हणाले, "सगळ्यांना नसते, हेही खरंच आहे."

धाकटीने मान हलवली. अगदी पटल्यासारखी.

ती मान हलताना पाहिली आणि तिच्या आत काहीतरी — फुटलं वगैरे नाही, उलट अगदी थंड, स्पष्ट झालं. आजवर ती स्वतःला सांगत आली होती की योग्य वेळेची वाट बघते आहे. सरांची निवृत्ती होऊ दे. सरांचं ऑपरेशन होऊ दे. आता, या खुर्चीतल्या म्हाताऱ्या हातांकडे बघताना तिला कळलं, ती वाट कशाची होती. ती सर जाण्याची वाट बघत होती. ज्यांनी खणाची किल्ली दिली त्या माणसाच्या मरणाची, तारीख न घालता, सव्वीस वर्षं. याहून खाली जायला जागा नव्हती. आणि खाली जायला जागा नाही, हे कळल्यावर पाय टेकल्यासारखे वाटले.

"सर, ती काच दोनच आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही बरोबर होतात. ही पण बरोबर आहे. मी तीन लिहिलं ते न बघता. पहिल्या अकरा सोडल्या तर एकही काच मी वाचली नव्हती, सर. तुमचा कागद खणातून काढला आणि उतरवला. नऊ आकडे मुद्दाम चुकवले, खरं वाटावं म्हणून."

सरांनी भिंग मांडीवर ठेवलं. ते तिच्याकडे बघत नव्हते; कुठेतरी मध्येच, हवेत बघत होते, दूरचं काही मोजावं तसे. धाकटी उठून उभी राहिली होती आणि आता बसावं की जावं, हे तिला कळत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद येऊन गेला, अगदी क्षणभर, आणि मग त्या आनंदाचीच तिला लाज वाटली असावी. लाज, म्हणजे अशीही सुरू होते... ती धाकटीला म्हणणार होती, तुझी नजर चांगली आहे. पण ते सांगण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे का, हे तिला ठरवता येईना.

हलकं वाटेल अशी तिची कल्पना होती. तसं काही वाटलं नाही. कानांच्या पाळ्या तशाच गरम होत्या. फक्त आवाज स्वतःचा वाटत होता, खालच्या पट्टीतला, थोडा घोगरा, कित्येक वर्षांत न वापरलेला.

"अर्धा तास," सर हळूच म्हणाले. "अर्धा तास बसलो होतो गं मी."

"हो, सर."

बाहेर व्हरांड्यात खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. रंगारी कोणालातरी ओरडून सांगत होता की पुढची रांग घरच्यांसाठी ठेवा. तिने सरांच्या मांडीवरचा परिचयाचा कागद काढून घेतला. त्यांनी तो धरून ठेवला नाही.

"परिचय तुम्ही वाचू नका," ती म्हणाली. "चार वाजता मीच उभी राहणार आहे. आत्ता तुम्हाला सांगितलं तेच सगळ्यांना सांगणार आहे, आणि आपल्या दोघांचा तो लेख मी मागे घेणार आहे."