चिमटीतलं पीठ

"काका, माणूस मेलाच नाही तं किती भेटते?"

हे विचारायची पैज माझ्या वर्गातल्या डिंपल आणि संजीवनीनं माझ्याशी लावली होती. हरली ती कचोरी खाऊ घालणार. दोघी आमच्या चक्कीच्या दाराआड तोंडात ओढणी कोंबून उभ्या होत्या. आत विम्याचे हरिओमकाका गव्हाच्या पोत्यावर बसून, माणूस गेल्यावर घरच्यांना काय मिळतं ते बाबांना समजावत होते. त्यांना आईनंच निरोप धाडून बोलावलं होतं. दहावीतली पोरगी मधेच तोंड घालेल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, म्हणून तर मला मजा आली.

"सारिका! काय बोलून राह्यली वं?" बाबा ओरडले.

काका मात्र हसले. "बराबर बोलली पोरगी. चंदूभाऊ, मरनाचा विमा सारेच घेतात. पन माणूस जिता राह्यला अन् कामच सुटलं, तं काय, हे कोनी पुसतच नाही." तसाही विमा असतो म्हणे. दुखण्यानं नाहीतर अपघातानं हात थांबले, की कमाईतला काही हिस्सा महिन्याच्या महिन्याला घरी येतो. "ज्याच्या हातावर चूल पेटते, त्याच्या नावानं घ्या."

बाबांनी सरळ आईकडे बोट केलं. काय अभिमान वाटला मला त्यांचा! बाबा दुसऱ्याचा टेम्पो चालवतात, तोही भाडं असेल तेव्हा. आमचं घर चालतं ते आईच्या चक्कीवर. आमच्या वरवट बकालात 'महामायाबाईची चक्की' कुणालाही विचारा.

आणि खरं सांगू का, दिवाळीपासून ती अर्धी माझी होती. चालत्या चक्कीत आई मला हाक मारायची, "सारे, पाह्य बरं, जाड तं नाही आलं?" मी पडत्या पिठाची चिमूट घ्यायची, अंगठ्यानं चोळायची आणि ऐटीत सांगायची, "दगड जरासे आवळ." इतकी वर्षं हे ती स्वतः करायची, गप्पा मारता मारता, पिठाकडे न बघता. आता मला विचारते म्हणजे माझा हात बसला! सगळ्या वर्गाला माझं हे ऐकवून झालं होतं.

"एकच गोष्ट," काका म्हणाले. "आधीचं काही दुखनं असन, दवाखान्याचा कागद असन, तं आत्ताच सांगा. लपवलं अन् मागून निघालं तं एक रुपया भेटत नाही. अन् पहिले तीन महिने आजारपन धरत नाहीत."

"काहीच नाही भाऊ," आई म्हणाली. "दवाखान्याची पायरी नाही चढली मी."

ती चहा घेऊन आली. काकांनी स्टीलचा ग्लास हातात घेतला आणि "अरे बाप रे!" करत खाली ठेवला. बाबांनी रुमालात धरला. आईनं मात्र तिन्ही ग्लास उजव्या हाताच्या बोटांत धरून आणले होते, पदर न लावता. मी तिची बोटं पाहिली. टोकांवर फोड आले होते. एक फुटला होता आणि त्यात पीठ बसलं होतं.

"उद्या संध्याकाळी येतो सहीले," म्हणून काका गेले. दाराबाहेर डिंपल नाचत होती, "जिंकली बे तू!" मी दोघींना घरी जा म्हटलं.

मग डब्यांतून दोन चिमटी घेतल्या. एक मैद्यासारखं बारीक पीठ, एक जाडाभरडा दलिया.

"आई, डोळे मीट. यातलं जाड कोनतं?"

"खेळ सुचला का आता?"

"सांग तं."

तिनं एक चिमूट चोळली, मग दुसरी. पुन्हा पहिली. खूप वेळ लावला. मग हळूच हात तोंडाकडे नेला, जिभेला लावायला. मी तिचं मनगट धरलं.

बाबा उठून उभे राहिले. "कव्हापासून?"

"दिवाळीपासून. पह्यले मुंग्या यायच्या. आता तेही नाही." आई शांतपणे बोलत होती. "म्हनून तं हरिओमभाऊले बोलावलं. दवाखान्यात गेली की कागद होते, मंग विमा कोन देईन? आधी सही होऊ द्या. पुढचे ते तीन महिने काढीन मी. मंग दाखवू."

आता बाबा रागावतील, असं मला वाटलं. ते भिंतीकडे बघत हळूच म्हणाले, "तीन महिने तं... निघतीन."

"अन् चक्कीचा पट्टा?" मी विचारलं. "चालत्या पट्ट्यात बोट गेलं तं तिले कळन का?"

आईनं हात पदराखाली घेतला. मी चक्कीचं मेन बटण पाडलं आणि चाकावरून पट्टा ओढून काढला. जड होता, पण निघाला.

"उद्या चक्की बंद," मी म्हणाले. "सकाळच्या गाडीनं मी आईले खामगावले दवाखान्यात नेऊन राह्यली. कागद होईन तं होऊ द्या. विमा गेला तं जाऊ द्या. बाबा, काकाले फोन तुमी करता का मी करू? सही होत नाही म्हना."