पाठीचं अस्तर

"माप घे, आकडा सांग, आणि नजर उचलून घे. माणूस उघडा उभा असतो रे आपल्यापुढं."

वडिलांचा हा आवाज मास्तरांच्या कानात लहानपणापासून होता. ओठांत टाचण्या धरून बोलायचे ते, त्यामुळे शब्द दातांतून गाळून यायचे. मास्तर तेव्हा मशीनखाली बसून चिंध्या वेचायचे. पुढं शिंपीकामाचं दुकान त्यांच्याकडं आलं, टेप गळ्यात आली, टाचण्या ओठांत आल्या, आणि नजर उचलून घ्यायची सवयही आपसूक आली.

दुकान छावणीच्या रस्त्यावर. तसं गावाचं सगळंच छावणीच्या रस्त्यावर होतं म्हणा. तोफांचा सराव सुरू झाला की कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. पाळण्यातली पोरं मात्र शांत झोपायची, आणि सराव बंद असला की रडून घर डोक्यावर घ्यायची. बेकरीवाला जवानांसाठी जादा भट्टी लावायचा, बायका पायमोजे विणायच्या, आणि रविवारी घरोघरी एक ताट जास्तीचं वाढलं जायचं, घरापासून लांब आलेल्या नव्या भरतीच्या पोरांसाठी. कुणाकडं कोण जेवायला जाणार हे छावणी मित्र मंडळ ठरवायचं. मंडळाचा अध्यक्ष होता औषधवाला, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ.

मास्तरांकडं लांब्या यायचा. पहिल्याच रविवारी त्याचं डोकं चौकटीवर आपटलं. मास्तरांची बायको, सगळ्यांच्या बाई, आतून म्हणाल्या, "अरे लांब्या, ती चौकट माझ्या सासऱ्यांनी बसवलीय. मान तुकवल्याशिवाय ती कुणाला सोडत नाही." तेव्हापासून तो लांब्या, बाई त्याच्या मावशी आणि मास्तर काका.

एका रविवारी तो खुर्चीला न टेकता जेवला. जेवणानंतर मास्तरांच्या मागोमाग दुकानात आला. "काका, शर्टाला आतून काही मऊ लावता येईल? पाठीला टोचतं."

"काढ बघू. माप घेतो."

शर्ट वर गेला. पाठीवर पट्ट्याचे वळ होते, एकावर एक, काही निळे, काही पिवळे पडत आलेले. एका ठिकाणी बकलाचा चौकोन तर कोरून काढल्यासारखा. मास्तरांची नजर त्या दिवशी उचलली गेली नाही. टेप थांबली हे लांब्याला पाठीनंच कळलं.

"सांगू नका काका. जुनी पोरं नव्यांना असंच पक्कं करतात म्हणे. तक्रार केली तर भित्रा म्हणून घरी धाडतील. आमच्या वडिलांनी गावभर सांगितलंय, पोरगा भरती झाला म्हणून."

"नाही सांगत," मास्तर म्हणाले. म्हणताना त्यांना हायसं वाटलं. नंतर त्यांना लाज वाटत राहिली ती या हायसं वाटण्याची. पोराला शब्द दिलाय, हे कारण छान होतं, घडी घालून ठेवण्याजोगं. पण डोळ्यांसमोर होती भिंतीलगतची मांडणी, छताला टेकलेली, छावणीच्या गणवेशांनी गच्च भरलेली.

घरातली धुऊन धुऊन सायीसारखी झालेली चादर त्यांनी कापली. मशीनची टीप पाठीला रुतली असती, म्हणून हातशिलाई बाईंकडं आली.

"थंडी वाजते का रे त्याला?" त्यांनी चादर चाचपत विचारलं. लग्नाआधी दोघं एकाच आळीत खेळलेली, म्हणून एकांतात अरे-तुरेच चालायचं.

"हं."

"या उकाड्यात?"

मास्तर कात्री शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती. बाईंनी पुढं काही विचारलं नाही. सुईत दोरा ओवला आणि आईकडून आलेल्या चालीवर स्वतःचेच शब्द गुणगुणत राहिल्या:

सुई पुढं पुढं जाई, दोरा मागं मागं राही,
आतल्या गं टाक्याची बाहेर खूण नाही.

पुढच्या आठवड्यात दुसरा आला. मग आणखी दोघं. कुणी अंगातला शर्ट काढलाच नाही. घडी घातलेला दुसराच गल्ल्यावर ठेवायचे. "लांब्यासारखं करून द्या. माप जुनंच धरा." मास्तरांनी माप जुनंच धरलं. दोघांचा हात असा बसला की अस्तर लावलंय हे चिमटीत धरूनही कळू नये. एकदा तसा शर्ट उजेडात धरून ते स्वतःशीच "वा!" म्हणाले, आणि म्हणताक्षणी तोंड कडू झालं.

तेवढ्यात बातमी आली, छावणी हलणार. निदान तसा विचार तरी आहे. वरच्या कार्यालयातले साहेब येऊन गाव बघणार, लोकांशी बोलणार, मग ठरवणार. गाव कामाला लागलं. भिंती रंगल्या, फाटकापर्यंतचा रस्ता धुतला गेला.

भर दुपारी मेहुणा घाम पुसत दुकानात शिरला. "भावोजी, सभागृहात टेबलं मांडतोय. गावानं छावणीसाठी काय काय केलं ते सगळं. मोजे आहेत, केक आहे. तुमचा तो अस्तराचा शर्ट द्या."

मास्तरांच्या ओठांतली टाचणी खाली पडली. "तो कशाला?"

"अहो, गाव जवानांच्या अंगाची एवढी काळजी घेतं, आणखी काय दाखवायचं?"

"तुला माहितीये का, अस्तर कशासाठी..."

"थंडीसाठी," मेहुणा घाईनं म्हणाला. मग आवाज उतरला. "भावोजी, मलम मीही विकतो. डबेच्या डबे जातात. कशासाठी, ते मी विचारत नाही. तुम्हीही मला काही सांगू नका." त्यानं मांडणीवरचा शर्ट उचलला आणि निघाला. दारात बहीण उभी होती. "ताई, चहा राहू दे," तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

"ठेवलाच नव्हता," बाई म्हणाल्या.

सभागृहात पंखे गरगरत होते आणि तरी माणसं निथळत होती. साहेब वयस्कर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मऊ बोलणारे. चहा द्यायला छावणीनं नवी पोरं पाठवली होती. त्यांत लांब्या होता, ट्रे छातीशी धरून, ताठ. साहेबांनी मोजे पाहिले, केक चाखला, बेकरीवाल्याला म्हणाले, "वजन वाढवाल माझं." सगळे गरजेपेक्षा जास्त हसले. मग ते शर्टापाशी आले.

"हे आमचे मास्तर," मेहुणा म्हणाला. "माझे भावोजीच. जवानांच्या शर्टांना आतून मऊ अस्तर लावतात. गावाची माया, साहेब."

साहेबांनी शर्ट उलटा केला. बोट अस्तरावरून फिरलं. "सुरेख काम आहे. थंडीसाठी?"

"हो साहेब," मास्तर म्हणाले.

"फक्त पाठीलाच? छातीला नाही?"

मेहुण्यानं खाकरून घसा साफ केला. बेकरीवाला केकच्या तुकड्यांची रांग नीट करू लागला. गावातली सगळी माणसं एकदम कुठं ना कुठं बघू लागली. कुणी पंख्याकडं, कुणी आपल्या चपलांकडं. मास्तरांना तेव्हा उमगलं, इथं कुणालाच काही नवं कळायचं राहिलं नव्हतं.

"पाठीला जास्त लागते, साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली, शर्ट ठेवला, पुढच्या टेबलाकडं वळले. सभागृहानं श्वास सोडला. मास्तरांनी वर पाहिलं तर समोर लांब्या. त्यानं ट्रे पुढं केला. "घ्या काका," तो हळूच म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत आभार होते, नुसते आभार. दिलेला शब्द पाळला म्हणून.

पोरानं शिवी दिली असती तर पचली असती. मास्तरांनी बाईंकडं पाहिलं. त्या बायकांच्या रांगेत बसल्या होत्या, पदर मुठीत घट्ट धरून, आणि त्यांनी मान खाली घातली होती. नवऱ्यामुळं खाली गेलेली मान मास्तर पहिल्यांदाच बघत होते.

चहा तसाच राहिला.

"साहेब."

साहेब वळले. मेहुणा पुटपुटला, "भावोजी, बसा खाली."

"साहेब, खोटं बोललो मी. अस्तर थंडीसाठी नाही. तुमच्या छावणीत नव्या पोरांना पट्ट्यानं मारतात. वळांना कापड टोचतं, म्हणून मऊ लावतो. एकाची पाठ मी या डोळ्यांनी पाहिलीय. कुणाची ते विचारू नका, सगळ्यांचेच शर्ट काढायला लावा. बाकीचे आले तेव्हा मी विचारलंच नाही. मला ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही."